पाय कशाने निवतात?

पत्र थोडक्यात असं:
मी ५४ वर्षांची आहे. दिवसाचे सात-आठ तास उभ्याने काम असतं. गेल्या सहा-सात महिन्यांपासून रात्री दीड-दोनच्या सुमाराला दोन्ही तळपायांना मुंग्या येऊन जाग येते. सुरुवात बोटांपासून झाली, आता चवड्यापर्यंत आलंय. मधूनच टोचतं, आग होते. उठून गार फरशीवर उभी राहिले, दोन-चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. संध्याकाळी घोट्यांना सूज असते, मोज्याचा वळ उठतो. माझ्या आईला मधुमेह होता आणि शेवटी तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझ्याही पायांना रक्त कमी पोचतंय आणि माझंही तसंच होणार, हे डोक्यातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी उपाशीपोटीची साखर नॉर्मल होती. रक्तदाबाची आणि ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. रात्री पायांखाली दोन उशा घेते. मुलीने घट्ट दाबाचे मोजे मागवून दिलेत, ते रात्री घालून झोपू का? दीर म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी सुरू कर. डॉक्टरांकडे जायचा धीर होत नाही. गेले तर लगेच पायाची अँजिओग्राफी सांगतील असं वाटतं.

उत्तर:

ताई, दोन गोष्टी आधी सांगून टाकते, कारण त्या आज रात्रीच्या आहेत. ते मोजे घालून झोपू नका. आणि दिरांची गोळी सुरू करू नका. का, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रक्त कमी पोचतंय हे तुम्ही इतकं ठामपणे लिहिलंय की पहिल्या वाचनात मलाही वाटलं, कुणीतरी तपासून सांगितलं असणार. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, पायाला अजून कुणी हातही लावलेला नाही. निदान तुम्ही केलंत, दुजोरा घरच्यांनी दिला आणि उपाय मुलीने मागवला. सगळं प्रेमापोटी झालंय, त्यात शंका नाही. पण पाऊल राहिलंय ते पहिलंच.

या गोंधळात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. आपल्याकडे 'नस' म्हटलं की त्यात सगळं येतं. कंबरेत नस दबते, तेव्हा ती संवेदना वाहून नेणारी असते, म्हणजे मज्जातंतू. पोटरीवर नस फुगते, तेव्हा ती अशुद्ध रक्त वर नेणारी नीला असते. 'नसेत ब्लॉकेज' म्हणतो, तेव्हा ती शुद्ध रक्त आणणारी धमनी असते. 'शीर' या शब्दाचं तर विचारूच नका. स्नायूचा दोर ताणला तरी शीरच ताणते. चार वेगळ्या वस्तूंना एकच नाव, मग चौघींचे आजार एकमेकींच्या नावावर चढतात. 'पायाच्या नसेचा त्रास आहे' एवढं ऐकून कुणी मोजे सुचवतं, कुणी मालिश, कुणी गोळी, आणि प्रत्येक जण वेगळ्याच नसेबद्दल बोलत असतो.

मुंग्या ही मुळात मज्जातंतूंची तक्रार आहे. पायावर पाय टाकून बराच वेळ बसलं की पाय बधिर होतो, उठल्यावर मुंग्या येतात. आपण म्हणतो रक्त थांबलं होतं. पुढच्या वेळी असं झालं की एक करून बघा. पायाचा अंगठा वर उचला, पावलावर एक दोर उठून दिसेल. त्या दोराच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या मधोमध, दोन बोटं हलकेच टेकवा. दाबू नका, दाबलं तर हरवते. बहुतेक वेळा तिथे नाडी व्यवस्थित उडत असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला लगटून एक मज्जातंतू जातो, दाब त्याच्यावर आलेला असतो. मी स्वतः एका लांबलचक सभेत कंटाळून हे तपासलं होतं. सभेतून दुसरं काही हाती लागलं नाही.

म्हणून रक्ताचा काही संबंधच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मज्जातंतूलाही जगायला रक्त लागतं, आणि ते केसाहून बारीक वाहिन्यांतून येतं. मधुमेहात या वाहिन्या बिघडतात आणि मग सगळ्यात लांबचे तंतू, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणारे, आधी कुरकुरायला लागतात. त्यामुळे दोन्ही पाय सारखे, बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर, मोजा चढवावा तसं, हे चित्र ओळखीचं आहे. तुमचं वर्णन जवळपास त्याच चित्रातलं आहे. मात्र त्या वेळी पायाची मोठी धमनी पूर्ण मोकळी असू शकते.

मोठी धमनी अरुंद होते तेव्हा तक्रार सहसा वेगळी असते, आणि ती रात्री नाही, चालताना सुरू होते. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की पाच-दहा मिनिटांत सुटतो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. रात्रीचं दुखणं येतं ते आजार बराच पुढे गेल्यावर. आडवं झालं की पायाला उताराची मदत मिळत नाही, झोपेत रक्तदाबही उतरतो, आणि चवड्यात, बोटांत कळ मारायला लागते. अशी माणसं पाय पलंगावरून खाली सोडून बसतात. काही जण तर आरामखुर्चीत बसूनच रात्र काढतात. तुम्ही दिवसभर उभ्याने काम करता आणि चालताना दुखतं असं पत्रात कुठेही नाही. ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तरी एक मेख आहे. मुळात फारसं चालणंच होत नसेल, किंवा तंतू बधिर झाल्याने गोळ्याची कळच जाणवत नसेल, तर धमनीचा आजार गप्प बसून राहतो. म्हणून तपासणी टळत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थबकले ते: 'गार फरशीवर उभी राहिले, दोन-चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं.' तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण सगळ्या पत्रात तपासणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडेल असं तेच आहे. अडचण एवढीच की त्यात तीन गोष्टी एकदम घडतात. पाय खाली येतात, तळवे गार होतात आणि पाय हलतात. तिघांतलं कशाने बरं वाटलं? खाली सोडल्याने बरं वाटत असेल तर संशय धमनीवर जातो. गारव्याने निवत असेल तर मज्जातंतूवर. आणि फक्त हलवल्यानेच सुटत असेल, तर अस्वस्थ पायांचा एक वेगळाच विकार आहे, त्याच्याकडे बघावं लागतं.

तेव्हा तिघांना वेगळं करा. तीन रात्री पुरतात. जाग आली की पहिल्या रात्री साधे सैल मोजे घालून पलंगाच्या कडेला बसा आणि पाय खाली सोडा. फरशीला टेकू देऊ नका, हलवू नका. पाच मिनिटं घड्याळात बघून. दिवा लावून बोटांचा रंगही बघा. झोपलेले असताना फिके आणि खाली सोडल्यावर काळपट लाल होतात का. दुसऱ्या रात्री उठूच नका. पडल्या जागी पाय पांघरुणाबाहेर काढा, तळव्यांवर ओला करून पिळलेला फडका ठेवा आणि स्वस्थ पडून राहा. तिसऱ्या रात्री पाय पांघरुणातच ठेवून नुसते हलवा, घोटे वर-खाली करा, बोटं आवळा-सोडा. हलवेपर्यंत बरं आणि थांबलं की पुन्हा तीच हुरहुर, असं होतं का ते बघा. उशाशी कागद ठेवा आणि त्याच वेळी दोन शब्द लिहा, कारण सकाळपर्यंत सगळ्या रात्री एकसारख्या वाटायला लागतात.

यातून निदान होणार नाही, आणि एखाद्या रात्री उत्तर 'थोडं थोडं सगळ्यानेच' असंही येईल. पण डॉक्टरांसमोर 'पायात मुंग्या येतात' एवढंच सांगणारा रुग्ण आणि हा कागद पुढे करणारा रुग्ण, यांच्या तपासणीत फरक पडतो हे मी खुर्चीच्या या बाजूने सांगते. वेळ मात्र आजच घेऊन ठेवा. तारीख येईपर्यंत तीन रात्री होतातच. आणि पहिल्याच रात्री, नुसते पाय खाली सोडल्याने स्पष्ट आराम पडला, तर पुढच्या दोन रात्रींची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशीच दाखवा.

आता उशा. पाय उंच ठेवणं हा उपाय नीलांचा आहे. दिवसभर उभं राहून खाली साठलेलं रक्त आणि पाणी उताराने परत जातं, सूज ओसरते. धमनी अरुंद असेल तर हाच उपाय उलटा पडतो, कारण आधीच कमी दाबाने येणाऱ्या रक्ताला चढावर चढायला लावल्यासारखं होतं. म्हणजे तुम्ही ज्या आजाराला घाबरून उशा घेताय, तो आजार खरंच असता तर उशांनी त्रास वाढला असता! इतके महिने उशा घेऊन तुम्हाला जास्त झालं का कमी, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तेही त्या कागदावर लिहा. सूज उतरवायची असेल तर संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास पाय उंच करून पडा, आणि तपासणी होईपर्यंत रात्री सपाट झोपा.

मोज्यांचंही तेच. दाबाचे मोजे हे दिवसा, उभं असताना रक्त खाली साठू नये म्हणून असतात. आडवं झाल्यावर त्यांचं काम बहुतेक संपलेलं असतं, म्हणून ते सहसा रात्री काढूनच ठेवतात. धमनीतून रक्त कमी येत असेल तर हा बाहेरचा दाब त्वचेला इजा करू शकतो, अगदी काळी पडण्यापर्यंत. आणि संवेदना कमी झाली असेल तर मोज्याला पडलेली घडी रात्रभर रुतत राहते, माणसाला कळत नाही, सकाळी तिथे फोड असतो. घोट्याचा रक्तदाब मोजल्याशिवाय असे मोजे कुणालाच देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते हल्ली टॉवेल विकावेत तसे विकले जातात याचा मला राग येतो.

संध्याकाळच्या सुजेबद्दल एक विचारायचं राहिलं. रक्तदाबाची गोळी कोणती? ॲम्लोडिपिन किंवा त्या जातीची असेल तर घोट्यांना सूज येणं हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त हे डॉक्टरांना विचारा. कधी कधी पायाच्या सुजेचं उत्तर औषधाच्या डबीतच असतं.

दिरांची गोळी म्हणजे बहुधा ॲस्पिरिन. ती रक्त पातळ करते म्हणजे पाण्यासारखं करते असं नाही. रक्तातल्या बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकांना चिकटू देत नाही, इतकंच. धमनीचा आजार सिद्ध झाला तर तिचा किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या गोळीचा उपयोग होतो. मुंग्यांवर तिचा काही परिणाम नाही. आणि ज्या बाईला आधीच वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी लागते, तिच्या पोटात ॲस्पिरिनने रक्तस्राव व्हायचा धोका आहे. दिरांना सांगा, सल्ला ऐकला, पण आधी तपासून घेते.

ॲसिडिटीच्या गोळीवरून मला दुसरंच काही सुचलं. अन्नातलं ब-१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दोन-दोन, चार-चार वर्षं चालू राहिल्या तर काही जणांत ब-१२ उतरतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन बराच काळ घेणाऱ्यांतही हेच होतं, आणि आहारात प्राणिजन्य पदार्थ फार थोडे असणाऱ्यांतही. ब-१२ कमी झालं की पायाला मुंग्या येतात, आणि हिमोग्लोबिन उत्तम असतानाही येऊ शकतात, म्हणून नुसती रक्ताची साधी तपासणी चांगली आली यावर समाधान मानू नये. हे कारण सापडलं तर भरून काढता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं. तंतू सावरायला मात्र काही महिने लागतात.

इथे एक मोह होतो: जीवनसत्त्वांची गोळी घ्यायला काय हरकत आहे? तपासणीच्या आधी घेऊ नका, रक्तातला आकडा वर येतो आणि खरं चित्र झाकलं जातं. शिवाय नसांच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांमध्ये ब-६ भरपूर असतं, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेलं ब-६ स्वतःच मज्जातंतू बिघडवतं. मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीनेच मुंग्या यायला लागणं, हा विनोद मी प्रत्यक्ष पाहिला आहे. बिचाऱ्या रुग्णाला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची साखर. तो कागद आता जुना झाला. आणि उपाशीपोटीची एकच साखर नॉर्मल असणं म्हणजे मधुमेह नाहीच असं नसतं. काहींची सकाळची साखर ठीक असते आणि जेवणानंतरची चढलेली असते. एचबीए१सी ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी अंदाज देते: ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. उंबरठ्यावरच्या लोकांनाही पायाच्या मुंग्या सुरू झालेल्या दिसतात. आईला मधुमेह असलेल्या माणसाने ही चाचणी मुंग्यांची वाट न बघताच अधूनमधून करून घ्यायला हवी, पण ते असो. तुम्ही याच आठवड्यात करून घ्या. तेवढ्याच सुईत ब-१२, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) आणि फेरिटिन यांचंही डॉक्टरांना विचारा. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तिसऱ्या रात्रीचं उत्तर 'हलवल्यानेच बरं वाटतं' असं आलं, आणि संध्याकाळी नुसतं बसलं तरी पाय हलवल्यावाचून राहवत नसेल, तर या आकड्याला महत्त्व येतं. अशा माणसांत फेरिटिन ७५ पर्यंत किंवा त्याखाली असेल तर लोह देऊन बघतात, भले अहवालात तो आकडा नॉर्मल म्हणून छापलेला असो.

तपासणीला गेल्यावर काय होईल, तेही सांगते, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. मोजे काढायला सांगतील. बोटांच्या बेचक्या बघतील, नखं बघतील, नडगीवरची त्वचा चकचकीत झाली आहे का, केस गेलेत का ते बघतील. पावलावर आणि आतल्या घोट्यामागे नाडी शोधतील. नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्याला टेकवतील, तो १० ग्रॅम जोर आला की वाकतो. तो टेकल्याचं डोळे मिटून कळलं पाहिजे. एक कंप पावणारा चिमटा, १२८ हर्ट्झचा, अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कधी थांबली ते विचारतील. यातल्या कशानेही दुखत नाही. पाय न बघता नुसतं लिहून देणारे भेटले तर स्वतःहून मोजे काढा आणि पाय पुढे करा. संकोच करू नका.

आणि रक्तपुरवठ्याची पहिली चाचणी अँजिओग्राफी नसते. ती असते घोट्याचा रक्तदाब. तुम्हाला थोडा वेळ स्वस्थ झोपवून दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर साधा पट्टा बांधतात, पेनासारख्या एका यंत्राने नाडीचा आवाज ऐकतात, आणि घोट्याच्या दाबाला हाताच्या दाबाने भागतात. १ ते १.४ म्हणजे ठीक. ०.९ किंवा कमी म्हणजे धमनी अरुंद. १.४ च्या वर गेला तर मात्र खूश व्हायचं नाही; धमनी चुन्यासारखी कडक झाल्याने पट्ट्याने दबत नाही, मधुमेहात असं होतं, मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. त्यापुढे गरज पडली तर सोनोग्राफीसारखी डॉपलर. अँजिओग्राफी येते ती आजार सापडल्यावर आणि धमनी खुली करायची का हे ठरवायची वेळ आल्यावर. कित्येकांना तिची गरजच पडत नाही. तंबाखू पूर्ण बंद, औषधं, आणि ठरवून चालणं, म्हणजे पोटरी भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान तीन महिने. एवढ्याने चालण्याचं अंतर चांगलं वाढतं.

आईबद्दल लिहायला जरा अवघड जातंय, कारण मी त्यांना तपासलं नव्हतं. एवढंच विचारते, पाय कापायच्या आधी त्या पायाला जखम झाली होती का? बुटाचं चावणं, खिळा, भाजणं, नखाचं लागणं, असं काही? मधुमेहात पाय गमावणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशा एखाद्या जखमेने झालेली असते. दुखत नाही म्हणून ती कुणी बघत नाही, मग चिघळते, आणि रक्तपुरवठाही कमी असेल तर भरत नाही. तुम्ही आईकडून 'रक्त कमी पोचतं' एवढंच वारशात घेतलंत. मी म्हणेन, त्या जखमेची आठवण घ्या. रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही तळवे बघा. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा, किंवा मुलीला बघू दे. तिला काहीतरी करायचंच आहे.

म्हणूनच तुमच्या रात्रीच्या फेऱ्यांवर माझा आक्षेप आहे. अंधारात, अनवाणी, तळव्यांना नीट कळत नसताना! पलंगापाशी मऊ तळाच्या चपला ठेवा, दिवा लावा, मग हवं तितकं फिरा. बहुतेकांच्या घरात अशा वेळी गरम पाण्याची पिशवीही पुढे येते. तुम्ही तिचा उल्लेख केला नाहीत, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी पायाशी ती आत्ता असेल. ती काढा. भाजलेले तळवे घेऊन आलेल्या माणसांना 'चटका बसला तेव्हा का नाही पाय काढलात' असं मी सुरुवातीला विचारायची. आता विचारत नाही. चटका बसतो तो मज्जातंतूंना, आणि तेच झोपलेले असतात. पाय धुवायचं पाणी कोपराने तपासा. पांघरूण पायाच्या टोकाला खोचून घट्ट करत असाल तर मोकळं सोडा. ताणलेल्या चादरीचा नुसता स्पर्शही अशा तळव्यांना टोचतो.

तुमच्यासारखंच पण थोडं वेगळं असणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुंग्या एकाच पायाला असतील तर शोध बहुधा कंबरेत, गुडघ्याशी किंवा आतल्या घोट्यामागच्या अरुंद वाटेत घ्यावा लागतो. चालताना पाय भरून येतात पण नुसतं उभं राहून सुटत नाहीत, बसलं किंवा पुढे वाकलं की सुटतात, तर पाठीचा कणा बघायचा. वय चाळिशीच्या आतलं, तंबाखू चालू आणि बोटं दुखतात, काळी पडतात, तर उद्यावर टाकायचं नाही. आणि एक पाय अचानक गार, पांढरा, भयंकर दुखरा आणि बधिर झाला, किंवा मुंग्यांबरोबर पायातला जोर जाऊ लागला, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता येऊन लघवी अडली, तर हे सदर बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात. अचानक बंद पडलेल्या धमनीचा पाय वाचवायला हाताशी काही तासच असतात.

निदान मज्जातंतूंचं निघालं तर रात्रीसाठी औषधं आहेत, प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी. ती टोचणी आणि आग कमी करतात, झोप देतात, पण मूळ कारण दुरुस्त करत नाहीत, म्हणून ती सुरू झाली की तपासण्या विसरायच्या नाहीत. मज्जातंतूंच्या वेगाची चाचणी नॉर्मल आली आणि कुणी 'मनाचे खेळ आहेत' म्हणालं तर ऐकून घेऊ नका. वेदना आणि गरम-थंड वाहून नेणारे सगळ्यात बारीक तंतू त्या चाचणीत दिसतच नाहीत.

राहिले मोजे. फेकू नका, मुलीला वाईट वाटेल. खोक्यात घालून तपासणीला घेऊन जा. घोट्याचा दाब चांगला निघाला, तळव्याला स्पर्श नीट कळतोय असं दिसलं आणि सूज नीलांची आहे असं ठरलं, तर दिवसा उभ्याने काम करताना ते तुम्हाला लागतील. माप मात्र सकाळी, सूज नसताना घ्या. हे मापाचे आहेत का, तेही तिथेच बघून घेता येईल.